तिथी गुणिले पाऊण

तर झालं असं की तीन दिवसांची सुट्टी जोडून आली आणि मी उत्साहाच्या भरात एक्सेल शीट बनवली. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, जंजिरा, प्रत्येकासमोर वेळ आणि जेवणाचे कॉलम तर वेगळ्याच रंगात. पहिल्याच ओळीत लिहिलेलं, 'सकाळी नऊ, कुलाबा किल्ला, चालत'. शीट फॅमिली ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी अंगठे दिले, फक्त मामाने विचारलं, "त्या दिवशी तिथी काय?" मला वाटलं आईच्या उपासाचं विचारतोय, कारण त्या दिवशी संकष्टी होती, म्हणून मी लिहिलं की आईचं खायचं मी बघते. त्यावर त्याने नुसते हात जोडलेले पाठवले.

पाचला निघायचं ते निघालो सातला. मग खोपोली, पेण, वडखळच्या नाक्यावर नेहमीचा खोळंबा, आणि अलिबागच्या किनाऱ्यावर गाडी लागली तेव्हा सव्वाअकरा वाजलेले. किल्ला समोर, अगदी हात लांब केला तर लागेल असा, आणि मध्ये पाणी. चालत जायचं ते ओहोटीलाच. घोडागाडीवाल्याला म्हटलं सोडता का, तर तो घोड्याच्या तोबऱ्यात हात घालून बसलेला, मान पण वर न करता म्हणाला, "आता नाय ताई, सुकती नवालाच झाली, पानी चढतंय." (सुकती म्हणजे ओहोटी.) मामा मागे उभा राहून हसत होता. याला सगळं माहीत होतं!

मग शहाळं पिता पिता त्याने हिशोब सांगितला, तो इथे लिहून ठेवते कारण ही पोस्ट खरंतर त्यासाठीच आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिला पाऊणने गुणायचं, जे येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी, म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन. दुपारी तीनला भरती, पहाटे तीनलाही, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांवर ओहोटी, म्हणजे सकाळी नवाच्या आसपास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. वेळ थोडी इकडेतिकडे होते, पण अलिबागपुरतं चालतं. म्हणजे शीटमधली नऊची वेळ बरोबर होती, पण निव्वळ योगायोगाने, आणि तीही आम्ही वडखळला घालवली.

तर किल्ला राहिला, दिवस मोकळा, म्हणून गावात फिरलो आणि खरं सांगते, बीचसाठी येणारे आपण सगळे हे गाव बघतच नाही. मीही चार वेळा आलेय, चारही वेळा समुद्र, मासे, परत. कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे. १७२९ साली ते गेले, तोवर इंग्रज, पोर्तुगीज सगळ्यांनी या किनाऱ्यावर त्यांचा धसका घेतलेला, आणि समाधीपाशी आम्ही चौघंच. मग चुंबकीय वेधशाळेच्या फाटकापर्यंत गेलो (आत असंच कुणी सोडत नाही). ती मुळात मुंबईच्या कुलाब्यात होती, तिथे विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर विजेमुळे चुंबकाच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली ती इकडे आली. बांधताना लोखंड टाळलेलं, कड्या-बिजागऱ्यासुद्धा दुसऱ्या धातूच्या. थोडक्यात मुंबईचा कुलाबा सोडून ती अलिबागच्या कुलाब्यापाशी आली. या जिल्ह्याचं नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होतं, आई अजूनही तेच म्हणते.

इस्रायल आळीतलं सिनेगॉग बाहेरून बघितलं. बेने इस्रायली लोकांची आठवण अशी की जवळच नवगावच्या किनाऱ्याला त्यांची गलबतं फुटली आणि वाचलेल्यांनी इथेच बस्तान बसवलं, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आडनावं बघा, रोहेकर, पेणकर, किहीमकर. आईच्या शाळेत एक बाई होत्या पेणकर, त्या नंतर इस्रायलला गेल्या, हे तिला तिथे आळीत उभं राहिल्यावर आठवलं आणि मग बराच वेळ ती त्यांच्याबद्दलच बोलत होती, कविता किती छान शिकवायच्या वगैरे.

नागावला जाताना वाटेत अक्षी. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत याचं नाव येतं, शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असं त्याचं वाचन केलंय, शिलाहार राजा केशीदेवाच्या काळातलं. मामाने कॉलेजात असताना हा दगड रस्त्याच्या कडेला धुळीत उभा बघितलेला, आता त्याला नीट जागा केलीय. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे दान टिकेल. आणि जो मोडेल त्याला शिवी म्हणून गद्धेगाळ, म्हणजे गाढवावरून दिलेली शिवी. भावाने गाढवाबद्दल नको तितके प्रश्न विचारले आणि मामाला आईसमोर ते समजावून सांगताना जो घाम फुटला तो मी व्हिडिओ करायला हवा होता. हजार वर्षांपूर्वीचं मराठी आणि त्यात शिवी, मला तरी एकदम घरच्यासारखं वाटलं.

संध्याकाळी नागावच्या होमस्टेवर. वाडीतच खोल्या, नारळ आणि पोफळी. पण मध्येच मोठा उघडा तुकडा, तिथे केळी लावलेल्या. होमस्टेच्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या निसर्ग वादळ. ३ जून २०२०, अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं ते. "दुपारपर्यंत उभी होती झाडं, संध्याकाळी आडवी. नारळ जरा तरी टिकला, सुपारी काड्यांसारखी मोडली." नवीन पोफळ लावली की सुपारी धरायला वर्षं जातात, तोवर खर्च निघावा म्हणून केळी आणि खोल्या. म्हणजे मी ज्या एसी खोलीचं कौतुक करत होते ती वादळात पडलेल्या झाडांच्या जागी उभी आहे. मग मी गप्प बसले.

आमच्या ताटात सुरमई, आईच्या ताटात साबुदाणा, आणि चंद्रोदय नऊच्या पुढे. सव्वानऊला आम्ही सगळे किनाऱ्यावर. आई समुद्राकडे तोंड करून चंद्र शोधतेय! तिला दोन मिनिटं कळेना, मग मागे वळली तर नारळांच्या मागून वर येत होता. पण मजा खरी पुढे होती, कारण त्याच वेळेला रात्रीची ओहोटी, पाणी इतकं आत गेलेलं की लाटांचा नुसता आवाज, आणि मध्ये सगळी ओली वाळू, तिच्यावर चंद्राचा उजेड पसरलेला, आणि खेकड्यांची बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी. आईने तिथेच हात जोडले, डब्यातला मोदक काढला आणि मग काकूंनी ठेवलेला वरणभात जेवायला जवळजवळ पळत गेली.

दुसऱ्या दिवशी पंचमी. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. (आता मीच करायला लागले होते हिशोब.) चौलला रामेश्वराच्या देवळात थोडा वेळ, मग रेवदंडा. इथे रस्ताच किल्ल्याच्या तटातून जातो, आत घरं, वाड्या, विहिरी, आणि मध्येच एखादी पोर्तुगीज भिंत, जिच्यावर कुणाचीतरी गोधडी वाळत घातलेली. सातखणी नावाचा मनोरा आहे, त्याच्या सातांपैकी काही मजलेच आता उरलेत. समुद्राच्या बाजूने तट धरून चाललं की खाली काळसर वाळू आणि तटाच्या दगडांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्या, चप्पल घालूनच जा, माझी टाच कापली.

रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात अफनासी निकितिनचं स्मारक आहे. हा रशियन व्यापारी, वास्को द गामा यायच्या वीसेक वर्षं तरी आधीच चौलला उतरला आणि विकायला सोबत एक घोडा घेऊन आला होता. इथून तो गेला जुन्नरला! तिथल्या खानाने घोडा काढून घेतला, धर्म बदल म्हणून धमकावलं, शेवटी मध्यस्थीने सुटका होऊन घोडा परत मिळाला, आणि पावसाळाभर हा जुन्नरला अडकला. आमचं आजोळ जुन्नर तालुक्यातलं, त्यामुळे मामाने हे ऐकल्यावर "आमच्याकडे पाहुण्याला असं सोडत नाहीत" असं अभिमानाने सांगितलं.

साळावचा पूल ओलांडून कोर्लई. इथे किल्ला आणि दीपगृह बघायला लोक येतात, मला गाव बघायचं होतं. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, पण त्यांची भाषा मराठीत मिसळून या एका गावात राहिली, लोक तिला नोलिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. सोडे घ्यायला एका घरापाशी थांबलो तर दोन बायका आपसात काहीतरी भराभर बोलत होत्या, कान देऊन ऐकलं तरी एक शब्द लागेना, आणि मग त्यातली एक आमच्याकडे वळून अस्सल रायगडी मराठीत, "कवढं देऊ?" आईने वजनात घासाघीस केली, तर त्या परत आपसात नोलिंगमध्ये काहीतरी बोलून हसल्या. आमच्याचबद्दल होतं, शंभर टक्के.

काशीदबद्दल फार काही लिहीत नाही. वाळू पांढरी, सुरूचं बन छान, आणि पाण्यात इतक्या मोटरबोटी की समुद्र ऐकूच येत नाही. तिथे पाण्याला ओढ आहे, पोरांना सांभाळा.

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. इंजिन नाही, शीड उभारलं की तांडेल नुसता दोरी धरून पाय लांब करून बसतो. गंमत म्हणजे किल्ल्याचा दरवाजा शेवटपर्यंत दिसतच नाही, होडी तटावर आपटणार असं वाटतं आणि मग दोन बुरुजांच्या मधून तो एकदम पुढ्यात येतो. होडी पायऱ्यांपाशी हलतच राहते, लाट वर आली की "आता!" म्हणून ओरडतात आणि उडी मारायची, आईला दोघांनी पोत्यासारखं उचलून ठेवलं. पंचेचाळीस मिनिटं मिळतात. आमच्या गाइडच्या तोंडी सगळं बावीस, बावीस एकर, बावीस बुरुज, बावीस वर्षं बांधकाम, कलालबांगडी तोफ बावीस टन. मी बुरुज मोजायला घेतले आणि आठव्यापाशी हाका सुरू झाल्या. या किल्ल्यासाठी संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला होता, तो पुरा झाला नाही आणि किल्ला सिद्दीकडेच राहिला, थेट १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत. गाइडला हे दोन मिनिटंही द्यायला वेळ नव्हता, पण तळ्यापाशी सेल्फीसाठी मात्र दहा मिनिटं.

तटावरून लांब पद्मदुर्ग दिसतो. मामा मागे तिथे जाऊन आलेला. तो सांगत होता की तिथल्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेलेत आणि मधला चुना मात्र तसाच बाहेर उभा आहे, मधाच्या पोळ्यासारखा. दगड गेला, चुना राहिला. आपल्याकडे फ्लॅटचं प्लास्टर तीन वर्षांत पडतं, असो.

रात्री काकूंनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, वरून परत पाला, मडकं उपडं करून भोवती जाळ. उपास नव्हता, त्यामुळे आईने कालचं सगळं उट्टं काढलं.

तिसरा दिवस, षष्ठी, साडेचार, म्हणजे ओहोटी पावणेअकरा. सव्वादहाला आम्ही अलिबागच्या वाळूवर हजर! पण पाणी पुरतं गेलेलंच नाही, मध्ये गुडघाभर आहेच. पुन्हा मामा. अष्टमी जवळ आली की भांग, भरतीही कमी आणि ओहोटीही कमी. पाणी खरं उघडं पडतं ते अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाला, पण तेव्हा ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास आणि परत संध्याकाळी, आणि आमच्या घरातून सहाला कोणी कुठे पोचलेलं नाही. परवाचाच घोडागाडीवाला होता, त्याच्या गाडीत आई-मामा बसले, आम्ही दोघं चालत.

कुलाब्याच्या तटाचे मोठाले दगड नुसते एकमेकांवर रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. कान लावला तर आतून गुळगुळ आवाज येतो, मी बराच वेळ ऐकत बसले होते. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बसवलेलं गणपती पंचायतन, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याचं टाकं. तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा, त्यांच्यावर यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याचं नाव. भाऊ म्हणाला इंग्रजांचं शिक्कामोर्तब अगदी तोफेवरसुद्धा.

निघायला बारा वाजले. पाणी चढायला लागलेलं, गाडीच्या चाकाच्या आऱ्यांपर्यंत, आणि आईने पाय खाली सोडून बसायचा हट्ट केला तर एका लाटेने तिच्या उजव्या पायातली चप्पल नेली. ती "अगं अगं" करेपर्यंत चप्पल दहा फुटांवर. गाडीवाल्याने घोडा थांबवलाच नाही, म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मावशी, भरतीला येल परत." आईला ते इतकं पटलं की आम्हाला दीड वाजेपर्यंत किनाऱ्यावर बसवून ठेवलं, भुकेने जीव जात होता तरी.

चप्पल आली. पण डाव्या पायाची, आणि दुसऱ्याच कुणाची.