बोन मॅरोचा तुकडा: सुईपासून रिपोर्टपर्यंत

रक्ताच्या कॅन्सरचा संशय असला की बोन मॅरोचे, म्हणजे हाडातल्या मज्जेचे, दोन नमुने घेतात. एक सिरिंजने ओढलेली पातळ मज्जा, म्हणजे अ‍ॅस्पिरेट. दुसरा हाडाचा सलग तुकडा, ट्रेफाइन बायोप्सी. घाईत हा दुसराच राहून जातो, आणि मला ते फार खटकतं. अ‍ॅस्पिरेटमध्ये सुट्या पेशी सुरेख दिसतात, पण कोण कुणाला चिकटून बसलं होतं ते कळत नाही. संशोधक रेमंड स्कोफिल्ड यांनी १९७८ मध्ये रक्त बनवणाऱ्या मूळपेशींच्या जागेला 'निश' म्हटलं. आपल्या भाषेत कोनाडा. तो तुकड्यातच शाबूत राहतो.

रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवते. सुई कमरेच्या हाडाच्या मागच्या उंचवट्यात. लिग्नोकेन हे भुलीचं औषध हाडाच्या आवरणावर नीट पसरवायचं आणि तीन-चार मिनिटं खरोखर थांबायचं. मज्जा ओढतानाची कळ या भुलीनं जात नाही. ते आधीच सांगते, नाहीतर माणूस दचकून हलतो.

पहिली ओढ जेमतेम पाव ते अर्धा मिलिलिटर, आणि ती स्लाइडसाठीच. जास्त ओढलं की रक्त मिसळतं, ब्लास्टचं, म्हणजे अपरिपक्व पेशींचं, प्रमाण खोटं कमी दिसतं. जिथे २० टक्क्यांच्या रेषेवर निदान बदलू शकतं, तिथे ही चूक महागात पडते. नंतरच्या ओढीतलं फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींवरच्या खुणा मोजणारी तपासणी) ईडीटीएच्या नळीत, गुणसूत्रांसाठी हेपॅरिनच्या. दोन्ही रसायनं रक्त गोठू देत नाहीत. ही अदलाबदल करू नका: गुणसूत्रांसाठी पेशी वाढवाव्या लागतात आणि ईडीटीएत त्या नीट वाढत नाहीत.

तुकडा त्याच भोकातून घेऊ नये, तिथे नुसतं रक्त साचलेलं असतं. कातडीचं छिद्र तेच ठेवून हाडावर अर्धा-एक सेंटीमीटर सरकायचं. लांबी २ सेंटीमीटर हवी, कारण प्रक्रियेत तो आक्रसतो. आखूड तुकड्याचा धोका वयस्कर रुग्णात जास्त. हाडाच्या कवचाखालचे मज्जेचे पहिले दोन-तीन कप्पे वयानुसार रिकामेच असतात. तेवढेच हाती आले तर 'मज्जा ओस पडली' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

कधी सिरिंज ओढून काहीच येत नाही. हा ड्राय टॅप. याचा दोष दर वेळी हाताचा नसतो: तंतूंचं जाळं झालेलं असतं, किंवा मज्जा पेशींनी ठासून भरलेली असते. अशा वेळी तुकडा टिकवण्यासाठी फॉर्मालिनमध्ये टाकण्याआधी स्लाइडवर हलक्या हातानं टेकवून ठसे घ्यायचे. पेशींचा बारकावा मग किमान ठशात तरी मिळतो.

हाडातला चुना (कॅल्शियम) काढायला आम्ही ईडीटीएच वापरतो. तीव्र आम्ल काम लवकर उरकतं, पण डीएनए खराब करतं, आणि पुढे जनुकीय तपासणी लागली तर तुकडा निरुपयोगी ठरतो.

मी सर्वांत जास्त वेळ रेटिक्युलिनच्या, म्हणजे मज्जेतल्या बारीक आधारतंतूंच्या, चांदीच्या रंगकामावर घालवते. तंतूंची प्रत एमएफ-० ते एमएफ-३. विरळ, एकमेकांना न छेदणारे तंतू म्हणजे शून्य. दाट जाळ्यात कोलॅजनचे जाड जुडगे आणि बहुधा नवं हाडही दिसलं की तीन. आधी रक्तवाहिनीच्या भिंतीतले तंतू पाहून घ्यावेत: तेच नीट रंगले नसतील तर प्रत ठरवू नये. प्रत ठरवताना रक्तनिर्मितीचाच भाग धरायचा. मायलोफायब्रोसिसमध्ये, म्हणजे मज्जेत तंतू माजणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, हे तंतू विणणाऱ्या पेशी बहुतांशी स्वतः कॅन्सरच्या वंशातल्या नसतात. बिघडलेल्या मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी) टीजीएफ-बीटासारखे संदेश देणारे रेणू सोडतात आणि शेजारच्या निरोगी पेशींना कामाला लावतात.

मायलोमात, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरमध्ये, शेजाऱ्याला असंच वेठीला धरलं जातं. रँक-एल हे प्रथिन वाढतं, हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट चेकाळतात. डीकेके-१ या प्रथिनामुळे हाड बांधणाऱ्या पेशी थंडावतात. म्हणून तुकड्यात हाडाची कड कुरतडलेली आहे का, तेही बघते. प्लाझ्मा पेशी पुंजक्यांनी बसतात, त्यामुळे सीडी-१३८ ही त्यांची खूण रंगवून तुकड्यात मोजल्या तर आकडा अ‍ॅस्पिरेटपेक्षा बऱ्याचदा जास्त भरतो. दोन्ही आकडे रिपोर्टमध्ये लिहिते आणि मोठा ग्राह्य धरते.

ल्युकेमियाच्या पेशी सीएक्ससीआर-४ या ग्राहकानं (रिसेप्टरनं) मज्जेतल्या आधारपेशींच्या सीएक्ससीएल-१२ या रेणूकडे ओढल्या जातात, आणि तिथे त्यांना केमोथेरपीपासून आडोसा मिळतो. उपचारानंतरच्या तुकड्यात म्हणूनच मी हाडाच्या कडेचे आणि वाहिन्यांभोवतीचे कप्पे सीडी-३४ ही अपरिपक्व पेशींची खूण रंगवून एकेक तपासते, जुनी स्लाइड शेजारी ठेवून.