कॅप्टनची पगारपत्रकं

धुळ्यात कामगारांच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाकडे कोण येतं? सूतगिरणीतून काढलेला जॉबर, एसटीचा निलंबित कंडक्टर, एमआयडीसीतला पगार थकलेला सुपरवायझर. त्यामुळे गेल्या वर्षी जूनमध्ये शिरपूर तालुक्यातले एक आबा ऑफिसात येऊन ‘मना पोर्‍या पायलट शे’ म्हणाले, तेव्हा आमच्या मुन्शीने सरळ विचारलं, “भुसावळला का?” आमच्याकडे पायलट म्हटलं की रेल्वेचा लोको पायलट.

मागून पोरगा आला. पस्तिशीच्या आतला, साधा शर्ट, डोळ्यांखाली काळं. एका प्रवासी विमान कंपनीत कॅप्टन. कंपनीचं नाव इथे सांगत नाही, त्याचंही नाही.

शिरपूरला धावपट्टी आहे, विमान शिकवणारी संस्था आहे. लहानपणी कपाशीच्या शेतात उभं राहून याने डोक्यावरून फिरणारी शिकाऊ विमानं पाहिली आणि बारावीनंतर तिथेच नाव घातलं. कमर्शियल लायसन्ससाठी दोनशे तास उडावं लागतं आणि त्या प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागतात. आबांनी रस्त्याकडचं रान विकलं, वर बँकेचं कर्ज. नोकरी लागल्यावर कंपनीने एका ठरावीक जातीचं विमान चालवण्याची पात्रता, म्हणजे टाइप रेटिंग, करून दिलं आणि त्याच्या खर्चापोटी पाच वर्षांचा बाँड लिहून घेतला, आधी सोडलं तर पैसे भरायचे. सोबत सही केलेला कोरा चेक. चौथं वर्ष संपत आलं असताना दुसऱ्या कंपनीकडून बोलावणं आलं. पगार जास्त, विमान मोठं.

“पैशांसाठीच सोडताय ना?” मी विचारलं. समोरचा वकील हेच विचारणार.

“पैसा आहेच, सर. नाही कशाला म्हणू? पण सलग पहाटेच्या ड्युट्या लागतात. तीनला उठायचं म्हणजे नवाला झोपायला हवं, आणि आठ वाजता मेसेज येतो की रोस्टर, म्हणजे ड्युटीचा तक्ता, बदललं. मग छताकडे बघत पडायचं आणि सकाळी माणसं घेऊन उडायचं.” आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारा नियम जुलैपासून लागू होणार होता. त्याचा त्यावर फारसा भरवसा नव्हता.

आबा मध्येच म्हणाले, “रातले झोपस नही, साहेब. सुट्टीवर घर येस तरी झोपस नही.”

त्याने जानेवारीत राजीनामा दिला होता. कॅप्टनला नोटीस पिरियड किती? एक वर्ष. फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, सहा महिने. हे डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०१७ साली केलेल्या नियमातलं आहे, निव्वळ कंपनीच्या करारातलं नाही. मुदत कमी करायची तर कंपनीने आपणहून एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, द्यायला हवी. कारण दिलं जातं जनहिताचं. वैमानिक एकाएकी गेले की विमानं रद्द होतात, प्रवासी अडकतात. हे खोटंही नाही. २०२३ साली अकासा कंपनीचे ४३ वैमानिक नोटीस पिरियड पूर्ण न करता गेले, तेव्हा कंपनीला उड्डाणं कमी करावी लागली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पण जनहिताचा अख्खा भार नोकराच्याच डोक्यावर का, हा माझा जुना सवाल आहे. कंपनीने जास्त वैमानिक ठेवले तर तेही जनहितच.

आबांनी हे ऐकून घेतलं आणि हसले. “हाई ते सालदारकी शे! पन सालदार तरी आखाजीले मोकळा व्हस.”

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, त्या दिवशी सालगड्याचं वर्ष संपतं. आबांनी आयुष्यभर सालदार ठेवलेले. उचल देऊन वर्षभर बांधून घ्यायचं कसं, हे त्यांना मी काय सांगणार?

नवी कंपनी ऑक्टोबरपर्यंत थांबायला तयार होती. पोराने लवकर सोडा म्हणून विनंती केली, तर उत्तरादाखल वकिलाची नोटीस आली: बाँडची पूर्ण रक्कम, उरलेल्या मुदतीचा पगार, वर कंपनीच्या बदनामीबद्दल भरपाई. आबांची झोप उडवली होती ती या तिसऱ्या रकमेने. मी सांगितलं, ती मनातून काढून टाका. करार कायद्याचं ७४ कलम वाजवी भरपाईपुरतंच आहे, वाटेल तो आकडा लिहिला म्हणून मिळत नाही. बाँडचं मात्र तसं नाही. मे २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात दोन लाखांचा बाँड वैध धरला होता. ती सरकारी बँक, तिची भरतीची पद्धत वेगळी. पण समोरचा वकील तो निकाल फडकवणारच. “न संपलेल्या काळाचे पैसे भरावे लागतील,” मी म्हटलं. पोराने मान हलवली. तेवढे त्याने बाजूला काढून ठेवलेलेच होते.

कोर्ट कोणालाही जबरदस्तीने विमान चालवायला लावू शकत नाही. खरी गाठ त्या एका वर्षाची होती.

दुपारी दोघं जेवायला गेले आणि मी पगारपत्रकं टेबलावर मांडली. ही माझी सवय आहे. पक्षकार पत्रांच्या गोष्टी सांगतो, पण पगारपत्रक सहसा खोटं बोलत नाही. वैमानिकाच्या पगारात मूळ वेतन लहान असतं, मोठा भाग उड्डाण भत्त्याचा, तासांवर. याला महिन्याला ७० तासांची हमी होती. कमी उडाला तरी ७० तासांचे पैसे. फेब्रुवारीपर्यंत त्या ओळीत ७० होते. मार्चमध्ये ३८. एप्रिलमध्ये ४१.

तो जेवून आल्यावर विचारलं, हे काय? म्हणाला, “राजीनामा दिलेल्यांना आता प्रत्यक्ष तासांचेच पैसे, असा एचआरचा मेल आला होता. रोस्टरमध्येही मला कमीच टाकतात. सगळ्यांचं असंच चाललंय.”

तो मेल त्याने जपून ठेवलेला. ज्या नियमाने त्याला वर्षभर बांधलं, त्याच नियमात पुढे एक परिच्छेद आहे: नोटीसच्या काळात कंपनीने पगार-भत्ते कमी केले किंवा सेवाशर्ती वैमानिकाच्या तोट्याच्या केल्या, तर मुदत संपण्याआधी मोकळं करण्याची विनंती तो करू शकतो. फोनवरून डीजीसीएची ती पीडीएफ उघडून मी त्याला वाचून दाखवली. त्याने फोन हातात घेतला, तो परिच्छेद मोठा करून दोनदा वाचला.

विनंतीच आहे, हक्काने चालतं व्हायची परवानगी नाही, हेही बजावलं. पण हातात काहीच नसण्यापेक्षा बरं.

संध्याकाळपर्यंत उत्तर तयार झालं. सोबत पगारपत्रकं, एचआरचा मेल, बाँडची शिल्लक हिशेबाने भरायची तयारी. एक प्रत डीजीसीएला. आमचा टायपिस्ट धुळ्याचा, गोंदूरच्या विमानतळाजवळ राहणारा. तो टाइप करता करता म्हणाला, “साहेब, यांच्यापेक्षा गिरणीवाले बरे. पगार कापायचा तर तोंडी कापतात.”

आधी कंपनीने चूक झाली म्हणून फरकाची रक्कम खात्यात टाकली. मग त्यांच्या वकिलाचा फोन, मग थोडी घासाघीस. सप्टेंबरअखेर सोडायचं ठरलं. बाँडचे उरलेले पैसे शेवटच्या हिशेबातून वळते झाले, कोरा चेक परत आला. आबांनी तो माझ्यासमोरच फाडला.

डिसेंबरात नव्या विश्रांती-नियमांना वैमानिक पुरेनात म्हणून देशभर विमानं रद्द झाली, त्यानंतर माझा नंबर वैमानिकांमध्ये कसा फिरला कोण जाणे. आता पुण्याहून, हैदराबादहून फोन येतात. मी एकच सांगतो, राजीनाम्याआधीची आणि नंतरची पगारपत्रकं पाठवा. गेल्या आठवड्यात एका कॅप्टनने ती पाठवली. प्रत्येक महिन्यात हमीचे पूर्ण तास, रोस्टरही पहिल्यासारखं. कंपनीने एक रुपया कापला नव्हता. त्याला म्हटलं, तुम्हाला वर्ष काढावं लागेल.