पटकीचे विष आणि आतड्याचे शाबूत अस्तर

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, गंभीर रुग्णाला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात आणि तासाभरात लिटरभर पाणी शरीराबाहेर जाऊ शकते, हे वाचले की आतड्याचे अस्तर सोलवटून निघाले असावे, असे कोणालाही वाटेल. शवविच्छेदनावर विसंबणाऱ्या जुन्या डॉक्टरांचाही तसाच समज होता. पण १९६०च्या सुमारास जिवंत रुग्णांच्या आतड्यातील बारीक तुकडे तपासले गेले, तेव्हा अस्तर शाबूत असल्याचे दिसले. या रोगाविषयीची हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण त्याचा उपचार तिच्यावरच उभा आहे.

पटकीचे जंतू अस्तराला चिकटतात, पेशींत शिरत नाहीत. शिरते ते त्यांचे विष. त्यातील पाच सारख्या प्रथिनांचे कडे पेशीच्या पृष्ठभागावरील जीएम-१ या रेणूला घट्ट धरते, आणि सोबतचा सहावा घटक आत पोहोचून एका नियंत्रक प्रथिनात असा बदल करतो की ते बंदच होत नाही. परिणामी सायक्लिक एएमपी हा पेशीतील संदेशवाहक रेणू वाढतो, क्लोराइडच्या वाहिन्या उघड्या राहतात आणि क्लोराइडमागोमाग सोडियम व पाणी आतड्याच्या पोकळीत उतरत राहते.

असे विष असावे, अशी शंका जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्येच व्यक्त केली होती. ते सिद्ध केले कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी, १९५९ मध्ये. सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून त्यांनी त्यात जंतू गाळून काढलेला द्रव टोचला, आणि एकही जिवंत जंतू नसताना तो भाग पाण्याने टम्म फुगला. इतक्या साध्या साधनांनी इतका निर्णायक पुरावा देणाऱ्या या संशोधकाला हयातीत मायदेशी साजेसा सन्मान मिळाला नाही, याची खंत वाटते.

अस्तर शाबूत असते आणि सोडियम व ग्लुकोज यांना एकत्र आत घेणारा त्याच्या पेशींचा मार्गही या विषाने बंद पडत नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी याच मार्गाचा आधार घेऊन मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. अशा पाण्यातील, म्हणजे जलसंजीवनीतील (ओआरएस), साखर चवीसाठी नसते. तिच्यावाचून सोडियम आणि त्यामागोमाग पाणी पुरेसे शोषले जात नाही, आणि ती जास्त झाली तर पाणी उलट आतड्यातच ओढले जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये लिटरमागील ग्लुकोज २० ग्रॅमवरून १३.५ ग्रॅमवर आणले, आणि म्हणूनच पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावे लागते.