त्रिकोणी काच

वरळीहून कोस्टल रोडला लागलो आणि माझा डावा हात आपोआप खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात गेला. तिथे नुसतं गुळगुळीत प्लास्टिक.

“काय शोधतेयस?” लेकीने विचारलं.

“काही नाही गं.”

फियाटची त्रिकोणी काच शोधत होते, हे तिला काय सांगणार?

अण्णाकाकांची फियाट राखाडी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढची सीट सलग. अण्णा, मधे मांडीवर डबा घेतलेली आजी, कडेला आई आणि आईच्या मांडीवर मी. ही त्रिकोणी काच फक्त पुढच्या दारांना, म्हणून मागे कोंबलेली चार चुलत भावंडं माझ्यावर जळायची. खटका सोडवून काच पार उलटी फिरवली की वारा थेट तोंडावर. जराशीच उघडली तर बारीक शिट्टी. अण्णांच्या बाजूची काच सिगारेटची राख झाडण्यासाठीच बनवलीय, अशी आजीची पक्की समजूत होती. हाजीअली आलं की मी तोंड त्या फटीलाच लावायची. ठाकुरद्वारला मावशी दार उघडायची, माझ्या गालावर बोट फिरवायची आणि आईला म्हणायची, “खारवून आणलीस की गं पोरीला!”

आता खरं सांगायचं तर, जुन्या गाडीचे गोडवे गाणाऱ्यांना ती रोज चालवावी लागलेली नसते. अण्णा सकाळी थंड इंजिन सुरू करायला चोक ओढायचे, हमखास जास्त ओढायचे, मग पेट्रोलचा वास आणि शिव्या. गल्लीत गाडी वळवताना त्यांचे दंड फुगायचे. लेकीची वॅगन-आर ९९८ सीसीची, म्हणजे इंजिन फियाटहून लहानच. पण एका हाताने वळते आणि उड्डाणपूल कधी चढली कळत नाही. पट्टा लावला नाही की तेवढी कटकट करते. शिवाय मला घाम फार येतो.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची, म्हणजे नाव बदललेल्या फियाटचीच, वीस वर्षं भरली आणि ती रस्त्यावरून गेली. सगळ्यांनी फोटो टाकले, मीही टाकला. त्याआधी कित्येक वर्षं स्टँडवर पुढे पद्मिनी उभी असली की मी हळूच मागच्या टॅक्सीला हात करायची, हे मात्र त्या फोटोखाली लिहिलं नाही.

बोगदा यायच्या आत मी काच खाली केली.

“आई, एसी चालू आहे!”

वर केली.

मावशी आता नाही. तिच्या सुनेने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “इतक्या उन्हातून आलात तरी किती फ्रेश दिसताय हो!”