तुम्ही विचारलंत म्हणून: पॉइंट टू-टूच का?

२०२४ साली पॅरिसमध्ये स्वप्नील कुसळे याने ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले आणि त्याच्या घडणीत नाशिकचाही वाटा असल्याचे सर्वांना कळले, तेव्हापासून क्लबमध्ये मुलांना घेऊन येणारे पालक मला एकच प्रश्न विचारतात. "सर, परवडेल अशी नेमबाजी करायची तर पॉइंट टू-टूच का? एअर रायफल त्याहून स्वस्त पडते, आणि पैसे घालायचेच तर मग एखादी दमदार रायफल का नको?" उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही, माझेही होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. पॉइंट टू-टू म्हणजे ०.२२ इंच नळीची छोटी रायफल.

एअर रायफलबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. सुरुवात तिथूनच करावी. पण १० मीटरच्या बंदिस्त हॉलमध्ये वारा नसतो, आणि वारा वाचायला शिकल्याशिवाय रायफलची नेमबाजी पुरती कळते असे मला वाटत नाही. मोठ्या बोअरचे, म्हणजे जाड नळीच्या रायफलचे म्हणाल, तर एकेका राउंडचा, म्हणजे काडतुसाचा, खर्च कित्येक पट होतो, परवान्याच्या अडचणी वाढतात, आणि ३०० मीटरची रेंज सामान्य माणसाला मिळणार कुठे? अलीकडे कोणीतरी २००२ साली आलेल्या पॉइंट वन-सेव्हन एचएमआरचे नाव काढतो. वेगवान काडतूस आहे, परंतु ५० मीटरच्या स्पर्धेत नियमाने फक्त पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूसच चालते, तेव्हा तो विषय तिथेच संपतो.

टू-टूचे काडतूस १८८७ पासून चालत आले आहे. सुमारे अडीच ग्रॅमचे शिसे, नगण्य धक्का, आणि पन्नास मीटरवर १०.४ मिलिमीटर व्यासाचे दहाचे वर्तुळ. धक्का इतका कमी असतो की ट्रिगर ओढताना बोट कुठे चुकले, श्वास कुठे अडकला, हे नेमबाजाला स्वतःलाच जाणवते. माझ्या निवडीचे खरे कारण हेच आहे: चूक झाली तर ती कोणाची हे कळले पाहिजे. आणि नेमकी हीच गोष्ट मी एकदा माझ्या भाचीच्या हातून काढून घेतली.

त्या वर्षी क्लबसाठी कोणती काडतुसे मागवायची हे मीच ठरवत होतो. स्पर्धेसाठी बनवलेल्या नेहमीच्या मॅचच्या राउंडऐवजी मी स्वस्त हाय व्हेलॉसिटी राउंडची वीस खोकी, म्हणजे एक हजार काडतुसे, घेतली. "राउंड सगळे सारखेच, बोट नीट चालवा," हे तेव्हा माझे ठरलेले वाक्य होते. शिवाय वेग जास्त म्हणजे वारा कमी लागणार, असा माझा हिशेब होता, आणि तो साफ चुकीचा होता. मॅचची गोळी सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर वेगाने, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली, निघते. हाय व्हेलॉसिटीची गोळी ३८० च्या आसपास निघते आणि आवाजाच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढत असल्यामुळे तिचा वेग झपाट्याने पडतो; परिणामी वारा तिला उलट अधिक ढकलतो. मी सातपूरच्या टूलरूममध्ये आयुष्य घालवलेला माणूस, पण हे वाचून समजून घेण्याची तसदी घेतली नव्हती.

निवड स्पर्धा डिसेंबरमध्ये होती. गंगापूरच्या बाजूने गार वारा येत होता आणि तो मधूनच पडत होता. भाची प्रोनला, म्हणजे पालथे झोपून नेम धरायला, आडवी झाली आणि पहिले तीस शॉट बरे गेले. सदतिसाव्या शॉटला ट्रिगर ओढला, पण आवाज आला नाही. तिने रायफल निशाण्याकडेच रोखून धरली, थांबली, आणि नंतर बोल्ट मागे घेतला. काडतुसाच्या कडेवर पिनचा स्वच्छ ठसा होता. टू-टूचे स्फोटक त्या पोकळ कडेतच भरलेले असते, आणि पिन पडते तिथे ते नसेल तर राउंड फुटत नाही. पुढच्या राउंडला नऊ आला, त्यानंतर तिने काहीही न बदलता सात. तिने साइट दोन क्लिक फिरवली, मग परत फिरवली. मागे बसलेल्या मला तिच्या खांद्यावरून दिसत होते की ती आता निशाण्यावर नव्हे, राउंडवर शंका घेत होती. निवड थोड्या गुणांनी हुकली.

जॅकेटचे पट्टे सोडताना तिने विचारले, "मामा, त्यातले किती माझे होते?"

त्यानंतर मी सराफ बाजारातल्या एका मित्राचा नाजूक तराजू क्लबवर आणून उरलेली काडतुसे तोलली आणि कडेची जाडी मायक्रोमीटरने मोजली. फरक होता. पण वजनाप्रमाणे वेगळ्या काढलेल्या काडतुसांचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या शॉटचे पुंजके, रायफल टेकूवर ठेवून घेतले, तर तेही विशेष घट्ट आले नाहीत. म्हणजे दोष कशात होता, तेही धड सापडले नाही.

आता प्रत्येक लॉटची, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या काडतुसांची, पाच-पाच शॉटचे ग्रुप घेऊन परीक्षा केल्याशिवाय मी तो मॅचसाठी देत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत ती परीक्षा पुन्हा घेतो, कारण गोळीवरचे मेण गारठ्यात कडक होते. यात राउंड खर्ची पडतात. "मग हे परवडणारे कसे?" असा प्रश्न येतो, आणि तो मला टोचतो. माझे जुने वाक्यही मी पूर्णपणे फेकून देऊ शकत नाही. ज्याचा ग्रुप अजून वाटीएवढा पसरतो, त्याला एली टेनेक्ससारखे महागडे मॅचचे राउंड देणे म्हणजे त्याच्या आईवडिलांचे पैसे जाळणे होय, असे मी आजही मानतो. पण तो ग्रुप वाटीएवढा का पसरतो, हे हलक्या प्रतीच्या राउंडवर त्याला कळणार कसे? दोन्ही म्हणणी माझीच आहेत आणि दर हंगामात मागणी लिहिताना ती माझ्या डोक्यात भांडतात. शेवटी सरावाला मधल्या प्रतीचे आणि मॅचला तपासलेल्या लॉटचे, अशी मागणी मी लिहितो. ती लिहून झाल्यावरही मनाचे समाधान झालेले नसते.

भाची पुन्हा शूटिंग करू लागली आहे. त्या दिवसाच्या साठ शॉटचा प्रिंट माझ्या कपाटात आहे. सदतीसच्या पुढचे आकडे मी पेन्सिलीने अनेकदा वेगळे काढून पाहिले, पण तिला अजून उत्तर दिलेले नाही.