जाम झालेला प्लग

"शेवटचा कधी काढला होता, दादा?"

सातपूरच्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी विचारलं आणि मला उत्तर देता येईना. घरी सकाळी गरम इंजिनवरच गाडीच्या स्पार्क प्लगला (इंजिनात ठिणगी पाडतो तो) मीच पाना लावला होता. पाव फेरा फिरला आणि जाम. नशीब, जोर करायचा सोडून गाडी ढकलत आणली.

त्यांनी आधी इंजिनला हात लावून बघितला. "गरम आहे. प्लग बसतो ते हेड अॅल्युमिनियमचं, आत्ता ओढलं तर आटे प्लगबरोबरच बाहेर येतील." बुडाशी गंजावरचं तेल मारलं आणि चहा सांगितला. तास गेला. (ऑफिसचे चार मिस्ड कॉल.)

मग पाना. थोडा सैल, परत थोडा घट्ट, परत सैल. प्रत्येक वेळी कर्र असा बारीक आवाज, माझ्या दातांत जाणारा. कर्र वाढला की ते थांबायचे, तेल मारायचे. निघाला तेव्हा आट्यांत चंदेरी कीस चमकत होता. "अजून एक हिसका, आणि अर्धा आतच तुटला असता."

नवा प्लग त्यांनी आधी नुसत्या बोटांनी फिरवत बसवला. पाना शेवटी, अर्धा फेरा. बस.

गाडी वडिलांची. दर दिवाळीला ते ओट्यावर बसून प्लग काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे, परत लावायचे. चांगला चालणारा प्लग कशाला काढतात म्हणून आम्ही हसायचो.

ते गेल्यापासून तो कुणीच काढला नव्हता. मिस्त्रींना हे काय सांगणार?