तुम्ही विचारलंत म्हणून: गडू आणि एनबीएमची पाटी

"सिस्टर, पेशंटच्या देवाधर्माची चौकशी करणं नर्सचं काम आहे का?" नातेवाईक विचारतात, ज्युनिअर डॉक्टर विचारतात, परवा घरीही विचारलं. एकदाच सांगते.

मी प्रवचन देत नाही. एकादशीसुद्धा धरत नाही. अ‍ॅडमिशनला अ‍ॅलर्जी विचारते, त्याच दमात विचारते, "काही पाळायचं, करायचं असेल तर सांगून ठेवा." एवढंच. आणि हे माझं खूळ नाही. सिसिली सॉन्डर्स मुळात नर्स, डॉक्टर नंतर झाल्या. १९६७ साली लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. शेवटच्या आजारातल्या दुखण्यात शरीर, मन, घरदार आणि श्रद्धा सगळंच धरायचं, हे त्यांचं. आम्ही ते पेपरात लिहून मार्क मिळवले.

वॉर्डात मात्र मीही विसरलेच होते. आजोबा वारकरी, गळ्यात माळ. गिळता येत नव्हतं, कॉटला एनबीएमची, म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही अशी पाटी. रात्री मुलगा गंगेचा गडू घेऊन आला. "सिस्टर, दोनच थेंब." मी म्हटलं, फुप्फुसात जाईल, न्यूमोनिया होईल. तो काही बोलला नाही. गडू लॉकरवर ठेवून बाहेर बाकावर जाऊन बसला.

चारच्या सुमाराला मी माउथ केअर केलं. बोटाला गॉज गुंडाळला, सलाइनमध्ये बुडवून पिळला, ओठ, हिरड्या, जीभ पुसली. आजोबा गॉज चोखायला बघत होते. गडू हातभर अंतरावर. साडेपाचला ते गेले. मुलाने गडू सील न फोडता परत नेला.

तोच गॉज त्या पाण्यात बुडवायला काय झालं होतं? पाणी स्टराइल नाही, असं तेव्हा मनाशी म्हटलं होतं. पण न्यूमोनिया व्हायलासुद्धा एक-दोन दिवस लागतात. आजोबांकडे तेवढे नव्हते, आणि ते मला दिसत होतं. तरी सांगते, पाजायला नाही म्हटलं ते बरोबरच होतं. आजही नाहीच म्हणेन.

म्हणून विचारते. विचारून दरवेळी साधतंच असं नाही. मागे एका रिटायर्ड मास्तरांनी हात जोडले. "बाई, देव तुमच्याकडेच राहू द्या. पंखा तेवढा वाढवा."

राग आला, खोटं कशाला सांगू. पंखा खरंच एकवर होता.